रेट्रो कुणासाठी? मसूरची बैलगाडी आणि वस्तीतली थार



यंदाच्या १४ एप्रिलला सांगली जिल्ह्यातल्या एका गावात मिरवणुकीला गेले होते. गावाचं नाव लिहीत नाही, कारण हे चित्र एकाच गावाचं नाही. मिरवणुकीत सगळ्यात पुढे काळी थार. कापडी छप्पर मागे दुमडलेलं, बॉनेटवर दोन निळे झेंडे, आत उभं राहून हात हलवणारी चार पोरं. तिच्या मागे डीजे. आणि बाबासाहेबांची प्रतिमा त्याच्याही मागे, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत. म्हणजे ज्यांची जयंती, त्यांचा नंबर तिसरा.

गाडीचा मालक सव्वीस वर्षांचा. बी.कॉम. झालेला, एमआयडीसीत कंत्राटी नोकरी. मला बघून लगेच खाली उतरला. "ताई, जयभीम! बसा की, एक राउंड मारून आणतो." त्याच्या मोबाईलच्या स्क्रीनवर लाल रंगाची, उघड्या छपराची फोर्ड मस्टँग होती. मी बघतेय म्हटल्यावर हसून म्हणाला, "ती काय आपल्याला झेपत नाय, ताई. म्हणून हिचंच छप्पर काढलं." मीही हसले. संध्याकाळी त्याच्या घरी चहाला गेले तेव्हा आईने हळूच सांगितलं. वडील एस.टी.तून रिटायर झाले, त्यांच्या फंडाचे पैसे डाऊन पेमेंटला गेले. धाकटी बहीण नर्सिंगला जाणार होती. होस्टेलचा खर्च जमेना म्हणून "पुढच्या वर्षी बघू" झालं. "पोराची हौस हाय, काय बोलायचं?" असं म्हणून त्या माउलीने विषय संपवला.

त्या दिवशी सणासुदीचं म्हणून मी गप्प बसले. आज बोलते.

पण आपल्या माणसांशी बोलण्याआधी बाहेरच्यांचा हिशेब करू. आपल्या पोराने गाडी घेतली की गावातल्या कट्ट्यावर एक वाक्य हमखास ऐकू येतं : "सवलती घ्यायच्या आणि थार उडवायची." हे म्हणणाऱ्यांच्या दारात तीन-तीन गाड्या असतात. त्या कुठल्या कारखान्याच्या, कुठल्या बँकेच्या, कुठल्या टेंडरच्या जिवावर आल्या, हे त्यांना कुणी विचारत नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये तमिळनाडूच्या शिवगंगा जिल्ह्यात एका दलित कॉलेज विद्यार्थ्याच्या हातांवर वार झाले. तो बुलेट चालवतो हे सहन झालं नाही म्हणून वार केले, असं त्याच्या घरच्यांनी सांगितलं. तमिळनाडू लांब वाटत असेल तर शिर्डी आठवा. मे २०१५ मध्ये तिथे एका तरुणाचा जीव घेतला गेला, आणि निमित्त होतं मोबाईलवर वाजलेल्या बाबासाहेबांच्या गाण्याच्या रिंगटोनचं. ज्या देशात आपली रिंगटोन खुपते, तिथे आपली गाडी खुपणारच. म्हणून पहिली गोष्ट ठणकावून सांगते. बौद्ध पोराने थार घ्यावी, बुलेट घ्यावी, उद्या मस्टँगही घ्यावी. तो त्याचा हक्क आहे आणि त्यासाठी कुणाच्या बापाची परवानगी लागत नाही. बाबासाहेबांनी आयुष्यभर सूट-बूट घातला तो काही उगाच नाही. जाडंभरडं नेसून गरिबीचं कौतुक करायचा उपदेश आपल्याला नको. यंत्रं आणि आधुनिक जीवन नाकारणाऱ्या गांधीवादावर बाबासाहेबांनी टीका केली ती याचसाठी. यंत्रामुळे माणसाला फुरसत मिळते आणि फुरसतीतून संस्कृती घडते, ही त्यांची भूमिका होती.

हक्काचा प्रश्न संपला. आता शहाणपणाचा प्रश्न. तो आपल्या घरातला आहे.

वाहन आणि जात यांचं नातं समजून घ्यायचं तर आपल्याला कुठे लांब जायला नको. साताऱ्यातच चला. १९०१ साल. बाबासाहेबांचे वडील खटाव तालुक्यात तलावाच्या दुष्काळी कामावर कॅशियर होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांनी मुलांना बोलावून घेतलं. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आपल्या आठवणींत बाबासाहेबांनी त्या प्रवासाची तयारी सांगितली आहे : विलायती कापडाचे नवे सदरे, जरीच्या चमकदार टोप्या, नवे बूट, रेशीमकाठी धोतरं. पोरं आगगाडीने मसूरला उतरली. निरोपाचं पत्र वेळेवर न पोचल्याने न्यायला कुणी आलं नव्हतं. कपडे बघून स्टेशन मास्तर आधी प्रेमाने बोलला. 'महार' हा शब्द ऐकला आणि त्याचा चेहरा बदलला. भाड्याच्या बैलगाड्या उभ्या होत्या, पण दुप्पट भाडं द्यायला तयार असूनही कुणी गाडीवान न्यायला तयार होईना. शेवटी तोड निघाली ती अशी : भाडं दुप्पट, गाडी पोरांनीच हाकायची आणि गाडीवान बाजूने पायी चालणार. त्या रात्री डबा जवळ होता, पण पाणी कुणी दिलं नाही. पोरं उपाशीच झोपली.

आज पुणे-बंगळूर हायवेने साताऱ्याहून कराडकडे येताना उंब्रजला मसूरचा फाटा लागतो. त्या फाट्यावरून रोज किती थार जातात! त्यातल्या काही आपल्याही पोरांच्या असतात. मला त्यांना एवढंच विचारायचंय : जरीच्या टोपीने आणि नव्या बुटांनी मसूरला काय वाचवलं? कपड्यांनी स्टेशन मास्तरला पाच मिनिटं फसवलं, बस्स. जात विचारली गेली आणि टोपीची किंमत शून्य झाली. तोच पोरगा पुढे बॅरिस्टर झाला, घटना समितीच्या मसुदा समितीचा अध्यक्ष झाला, तो टोपीमुळे नाही. मसूरच्या आधी, ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेच्या रजिस्टरमध्ये त्याचं नाव पडलं होतं, त्यामुळे. तो दिवस आज महाराष्ट्रात 'विद्यार्थी दिवस' म्हणून पाळला जातो. किती गावांत त्या दिवशी मिरवणूक निघते, हे तुम्हीच सांगा.

दुसरी गोष्ट चाळीसगावची, १९२९ ची. अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी करणाऱ्या सरकारी समितीचे सदस्य म्हणून बाबासाहेब त्या भागात गेले होते. चाळीसगावला उतरल्यावर एकही टांगेवाला महाराला टांग्यात घ्यायला तयार होईना. आपला पाहुणा पायी चालत वस्तीत येणं लोकांना कमीपणाचं वाटलं. मग टांगा मिळवला, पण टांगेवाला आला नाही. आपल्यातलाच एक जण लगाम धरून बसला. त्याने आयुष्यात टांगा हाकला नव्हता. पुलावर टांग्याचा अपघात झाला, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले आणि पाय मोडला. नंतर त्यांना सगळं कळलं तेव्हा त्यांनी दोन गोष्टी नोंदवल्या. एक, साधा टांगेवालासुद्धा स्वतःला बॅरिस्टरपेक्षा वरचा समजतो. दोन, वस्तीतल्या लोकांना पाहुण्याच्या सुरक्षेपेक्षा पाहुण्याचा मान मोठा वाटला.

ही दुसरी नोंद आपण वाचतो आणि पुढे जातो. मित्रांनो, तिथे जरा थांबा. त्या लोकांचं प्रेम खोटं नव्हतं. त्यांचा अपमान खरा होता. पण अपमान धुवायच्या घाईत त्यांनी लगाम चालवता न येणाऱ्याच्या हातात दिला आणि पाय मोडला तो आपल्याच माणसाचा. आज वस्तीतली थार मला चाळीसगावच्या टांग्यासारखी दिसते. मान राखायला निघालोय, आणि खाली पडतेय ती नर्सिंगला जाणारी बहीण.

आता त्या मस्टँगकडे येऊ, कारण थारचं स्वप्न तिथून सुरू होतं. मस्टँग अमेरिकेत १७ एप्रिल १९६४ रोजी न्यूयॉर्कच्या जागतिक मेळ्यात लोकांसमोर आली. लांब बॉनेट, मोठं इंजिन, उघडं छप्पर. पुढे अशा दांडग्या गाड्यांना 'मसल कार' म्हणायला लागले. मसल म्हणजे स्नायू. नावातच मर्दानगी. २००५ मध्ये फोर्डने तिला पुन्हा साठच्या दशकातलं रूप दिलं, मग २००८ मध्ये डॉजची चॅलेंजर आणि पाठोपाठ शेवरलेची कॅमेरो तशाच जुन्या चेहऱ्याने परत आल्या. जुलै २०१६ मध्ये मस्टँग भारतात विकायला आली तेव्हा तिची शोरूम किंमत ६५ लाख होती, आणि तीही बंद छपराची. म्हणून आपल्याकडे त्या स्वप्नाची जागा थारने घेतली. थारही रेट्रोच. तिचा चेहरा दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन विलीज जीपचा. त्याच जीपची जुळणी करून महिंद्रा कंपनी वाहन धंद्यात उतरली. ऑक्टोबर २०२० मध्ये नवी थार ९ लाख ८० हजारांपासून विकायला आली. त्याआधी पहिल्या गाडीचा धर्मादाय लिलाव झाला, तो १ कोटी ११ लाखांना गेला. वस्तू गरजेची असती तर असा लिलाव झाला असता का? विकलं गेलं ते स्वप्न.

रेट्रो म्हणजे जुन्या दिवसांची गोडी. पण जुने दिवस कुणाचे गोड होते? मस्टँग आली तेव्हा अमेरिकेत काळ्या माणसाला अनेक हॉटेलांत खोली मिळत नव्हती, टेबलावर जेवण मिळत नव्हतं. नागरी हक्कांचा कायदा झाला तो त्यानंतर अडीच महिन्यांनी, २ जुलै १९६४ ला. काळ्या प्रवाशांसाठी न्यूयॉर्कच्या हार्लेममधला टपाल कर्मचारी व्हिक्टर ह्यूगो ग्रीन १९३६ पासून 'ग्रीन बुक' नावाची पुस्तिका काढत होता. कुठल्या गावात झोपायला जागा मिळेल, कुठे पेट्रोल मिळेल, कुठे जेवण मिळेल, हे त्यात असायचं. गोऱ्यांना ज्या रस्त्यांची आज आठवण येते, त्याच रस्त्यांवर काळा माणूस ही पुस्तिका जवळ ठेवून गाडी चालवत होता. आपली 'ग्रीन बुक' कुणी छापली नाही, पण आपल्या आजोबांना ती तोंडपाठ होती. कुठल्या विहिरीवर जायचं नाही, कुठल्या आळीतून चपला हातात घेऊन जायचं, कुठल्या हॉटेलात कपबशी बाहेर वेगळी ठेवलेली असते. मागे वळून बघायला ज्यांच्याकडे वाडा आहे, त्यांनी रेट्रोची हौस करावी. आपल्या मागे मसूर आहे. आपला सुवर्णकाळ अजून यायचाय, तो पाठीमागे शोधून सापडणार नाही.

समाजशास्त्राच्या अभ्यासक्रमात थॉर्स्टन व्हेब्लेन हा विचारवंत शिकवला जातो. त्याने १८९९ मध्ये श्रीमंतांच्या दिखाऊ खर्चावर पुस्तक लिहिलं. रिकामटेकडा वर्ग खर्च करतो तो वस्तू लागते म्हणून नाही, आपल्याला परवडतं हे दाखवायला. आणि खालचे थर वरच्याचं बघून तसाच खर्च करायला लागतात. एम. एन. श्रीनिवास यांनी 'संस्कृतीकरण' सांगितलं : खालची जात वर चढायला वरच्या जातीचे देव, उपास, चालीरीती उचलते. आपण १९५६ ला धम्म स्वीकारून ती शिडीच लाथाडली. वरच्यांचे देव सोडले, नवससायास सोडले. पण मला भीती वाटते की देव सोडले आणि गाड्या धरल्या. काळ्या काचा, मागच्या काचेवर ठळक अक्षरांत 'साहेब', 'दादा', 'किंग', गॉगल लावून हात बाहेर. ही नक्कल कुणाची आहे, हे सातारा-सांगलीत राहणाऱ्याला सांगायला नको. कारखानदाराच्या पोराची. पाटलाच्या वाड्यापुढे आपला बाप जोहार घालत होता. पोरगा आता घालत नाही, पण पाटलासारखं दिसण्यासाठी हप्ते भरतोय. मग आपली सुटका झाली कुठे? मालक बदलला एवढंच.

आणि नक्कलही आपल्याला महाग पडते, कारण खाली जमीन नाही. पश्चिम महाराष्ट्रात 'गुंठामंत्री' हा शब्द सगळ्यांना माहीत आहे. रस्ता आला, एमआयडीसी आली, जमिनीला भाव आला, चार गुंठे विकले आणि गाडी आली. तो उधळला तरी मागे अजून दोन एकर ऊस असतो, सोसायटीत पत असते, कारखान्यात सभासदत्व असतं. आपल्याकडे काय? महार वतनाच्या जमिनी, १९५८ च्या कायद्याने वतन गेल्यावरही कागदावर अडकलेल्या, कितीतरी ठिकाणी दुसऱ्यांच्या ताब्यात गेलेल्या. आपल्याकडे विकायला गुंठा नाही, म्हणून आपण बापाचा फंड विकतो.

साधा हिशेब करा. १२ लाखांचं कर्ज, १० टक्के व्याज, ७ वर्षं. महिन्याचा हप्ता साधारण १९,९०० रुपये. सात वर्षांत फेडायचे १६ लाख ७३ हजार, म्हणजे नुसतं व्याज पावणेपाच लाख. शिवाय विमा, डिझेल, टायर. कंत्राटी नोकरी अकरा महिन्यांची आणि हप्ते चौऱ्याऐंशी महिन्यांचे. दोन हप्ते थकले की वसुलीची माणसं दारात येतात. ज्या गल्लीत गाडी मिरवली, त्याच गल्लीतून ती ओढून नेतात. त्या दिवशी कट्ट्यावरचे लोक जे हसतात, त्या हसण्याला अॅट्रॉसिटीचं कलम लागत नाही.

आणखी एक गोष्ट निवडणुकीच्या दिवसांत दिसते. हप्ता थकलेल्या पोराला तालुक्याचा नेता फार प्रेमाने जवळ करतो. डिझेल टाकून देतो, एखादा हप्ता भरतो, बॅनरवर कोपऱ्यात फोटो छापतो. मग ती थार त्याच्या ताफ्यात धावते आणि आपल्या वस्तीची मतं तिच्या मागे. स्वाभिमानासाठी घेतलेली गाडी पहिल्यांदा स्वाभिमानच गहाण टाकते.

यावर आपल्यातलेच काही अभ्यासू मित्र म्हणतील, ताई, तुम्ही जुन्या डाव्यांसारखं बोलताय. चंद्रभान प्रसाद सांगतात की बाजार जातीला आतून पोखरतो. मिलिंद कांबळे यांनी २००५ मध्ये 'डिक्की' काढली ती दलितांनी नोकऱ्या मागण्याऐवजी द्याव्यात म्हणून. हा मुद्दा मी उडवून लावत नाही. पैशाने फरक पडतो. शहरातल्या हॉटेलात नोट देणाऱ्याची जात विचारत नाहीत, हे खरं आहे. पण उद्योजक होणं आणि गिऱ्हाईक होणं यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. डिक्कीचं बोलणं भांडवल उभं करण्याचं आहे, आणि आपण कर्ज उभं करतोय. दलित भांडवलशाहीचं नाव घेऊन कुणी थारच्या हप्त्याचं समर्थन करत असेल, तर त्याने ना दलित समजून घेतला ना भांडवल.

खरंच अभिमान बाळगायचा तर सांगली जिल्ह्यातलंच उदाहरण घ्या. यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव देवराष्ट्रे. तिथले दत्तात्रय लोहार लोखंडी कामाचा छोटा व्यवसाय करतात. त्यांनी मुलाच्या हट्टापायी भंगारातून छोटी जीप बनवली. खर्च सुमारे ६० हजार, आणि दुचाकीसारखी किक मारून चालू होणारी. डिसेंबर २०२१ मध्ये तिचा व्हिडिओ देशभर गाजला. आनंद महिंद्रा यांनी सांगितलं की ही गाडी नियमात बसत नाही, पण या माणसाच्या कल्पकतेला सलाम. ती आम्हाला द्या, बदल्यात बोलेरो घ्या. जानेवारी २०२२ मध्ये बोलेरो मिळाली. गंमत बघा, त्या जीपचा चेहराही तोच, जुन्या विलीजचा. पण लोहारांनी रेट्रो विकत घेतलं नाही, स्वतःच्या हाताने घडवलं. म्हणून कंपनीचा मालक त्यांच्याकडे आला. आपण मात्र शोरूमच्या दारात रांग लावतो. मला खंत एकाच गोष्टीची वाटते : ज्याच्या हातात हे कसब आहे, त्याला इंजिनिअरिंग कॉलेज नाही, वर्कशॉप नाही, भांडवल नाही. त्याच्या वाट्याला आली बक्षिसाची गाडी. कसबी हातांना हक्क मिळत नाहीत, बक्षिसं मिळतात. आपली लढाई तिथे आहे.

म्हणजे गाडी नकोच का? असावी की. अमेरिकेचंच घ्यायचं तर मस्टँग कशाला, मॉन्टगोमेरी घ्या. डिसेंबर १९५५ पासून ३८१ दिवस तिथल्या काळ्या लोकांनी शहरातल्या बसवर बहिष्कार टाकला. लोक कामाला जाणार कसे? ज्यांच्याकडे गाड्या होत्या त्यांनी त्या आंदोलनाला दिल्या. सुमारे ३०० गाड्या ठरलेल्या थांब्यांवरून माणसं ने-आण करत होत्या. त्या गाड्यांपुढे सत्ता वाकली. बाबासाहेबही अमेरिकेत राहून आले. न्यूयॉर्कमध्ये त्यांनी सुमारे दोन हजार पुस्तकं जमवली. पुढे त्यांची पुस्तकं घेऊन निघालेलं एक जहाज युद्धात बुडालं, तरी ते पुन्हा शिकायला लंडनला गेलेच. परदेशातून काय आणायचं, याचा आपल्या घरचा धडा एवढा स्पष्ट असताना आपल्या मोबाईलवर मस्टँग का? राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची परदेशी शिष्यवृत्ती आपल्याच पोरांसाठी आहे, तिच्या ७५ जागा आहेत. तिचा फॉर्म कसा भरायचा हे वस्तीतल्या किती पोरांना माहीत आहे? आणि थारचं कुठलं मॉडेल किती सीसीचं, हे किती जणांना पाठ आहे?

कर्जाच्या कागदावर सही करायच्या आधी तीन प्रश्न स्वतःला विचारा. नोकरी गेली तर सहा महिने हप्ता कोण भरेल? या पैशापायी घरातलं कुणाचं शिक्षण अडतंय का? आणि ही गाडी वस्तीच्या कुठल्या कामाला येईल? तिन्हींची उत्तरं नीट देता आली तर खुशाल घ्या, पेढे खायला मी येते. मग ती गाडी परीक्षेच्या दिवशी वाडीवरच्या मुलींना सांगलीच्या सेंटरवर सोडू दे. रात्री बाळंतिणीला मिरजेच्या दवाखान्यात पोचवू दे. ७ नोव्हेंबरला पोरांना साताऱ्याची ती शाळा आणि भीमाबाईंची समाधी दाखवून आणू दे.

छापण्याआधी हा लेख मी त्या थारवाल्या भावाला वाचायला दिला. नाव नसलं तरी गाव ओळखेल, म्हणून त्याची संमती हवी होती. दोन दिवस फोन आला नाही. तिसऱ्या दिवशी आला. "ताई, तुम्ही माझीच काढली की." मी म्हटलं, तुझी नाही, आपली. थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "पुढच्या वर्षी बाबासाहेबांची प्रतिमा थारमध्येच ठेवू, सगळ्यात पुढे." मी म्हटलं, ठेव. पण जूनमध्ये आधी बहिणीचं अॅडमिशन. गाडी विकावी लागली तरी.

तो "बघतो" म्हणालाय. जूनपर्यंत मीही बघणार आहे.

जयभीम. नमो बुद्धाय.